सहा महिन्यांची सूट

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. इकडे सगळे मजेत, आणि तिकडे तू, भाऊजी आणि रोपवाटिकेतली तुमची हजारभर लेकरं मजेत असतील असं धरून चालते. फोन केला की तू "हं" म्हणतेस, मी "बरं" म्हणते, मग हवापाण्यावर दोन वाक्यं टाकून आपण सुटका करून घेतो. बारा वर्षं हेच चाललंय. पत्रात तुला मधे "हं" म्हणता येणार नाही, म्हणून हा उद्योग.

बाबा छान आहेत. सकाळी चालायला जातात, येताना वर्तमानपत्र आणतात आणि ते पहिल्यांदा उघडण्याचा मान कोणालाही देत नाहीत. आमच्या ह्यांचं नाव त्यांनी हल्ली "भूमितीवाले" ठेवलंय. शाळेत दिवसभर तो विषय शिकवून ह्यांचं पोट भरत नाही, घरी बटाटेसुद्धा सारख्या कोनात चिरलेले लागतात. सासरे-जावयाचं त्यावरून रोज एकदा तरी वाजतं, आणि दोघांनाही त्याशिवाय जेवण जात नाही.

आता बातमी. आमच्या बीज-तपासणी प्रयोगशाळेवर खटला झालाय.

तुला जुनं उकरून सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. आपण दोघी एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली त्या नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास केला. यादी लागली. तू तिसरी होतीस. माझं नाव शोधायला पान उलटावं लागलं होतं. आणि आठवड्याच्या आत खात्याने सरकारकडून सूट मिळवली: म्हणे बिया ओळखायचं काम इतकं नाजूक आहे की लेखी परीक्षेत ते कळत नाही, तेव्हा आम्ही माणसं थेट घेऊ. यादी गेली केराच्या टोपलीत. मग त्यांनी थेट घेतलं ते मला. पुढचं तुला माहीतच आहे.

तर गेल्या वर्षी अकरा जणांनी मिळून विचारलं की सगळ्या खात्यांना परीक्षा आणि ह्यांनाच सूट का? त्यांची पुढारी एक मुलगी आहे. वडिलांच्या दुकानात सायकली दुरुस्त करते, म्हणून आमच्या कचेरीत तिला सगळे सायकलवाली म्हणतात. आधी कुत्सितपणे म्हणायचे, हल्ली जरा सांभाळून म्हणतात. तिने आमच्या सगळ्या टिपण्या बाहेर काढल्या आहेत. सूट सहा महिन्यांचीच मागतात आणि वर्षभर चालवतात, म्हणून दर वर्षी नव्याने मागावी लागते ना, त्या टिपण्या. त्या टाईप कोण करतं? तुझी ही धाकटी बहीण. पद्धत सोपी आहे. गेल्या वर्षीची टिपणी उघडायची, तारीख बदलायची, साहेबांची सही घ्यायची. चहा निवायच्या आत काम संपतं.

काल साहेबांनी बोलावलं. कोर्टात सादर करायला माझं शपथपत्र हवंय. मी खात्यातली सगळ्यांत तयार तपासनीस, आणि परीक्षेविना आलेली, तेव्हा माझ्यासारखं उदाहरण दुसरं नाही असं त्यांचं म्हणणं. साहेब तेच आहेत, आपल्या वेळचे. माणूस वाईट नाही, फक्त स्वतःच्या नजरेवर फार विश्वास. लिहून देते, असं मी सांगितलं.

एक विचारायचं होतं. ती जुनी यादी तुझ्याकडे अजून आहे का? असेल तर तिची एक प्रत पाठव. कशाला ते आत्ता विचारू नकोस.

अजूनही एका जागी न टिकणारी,
भिंगरी


२३ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट पोचलं. आत यादीची प्रत होती, बाकी चिठ्ठी नाही की दोन ओळी नाहीत. तरी पाकिटावर माझं नाव तू पूर्ण लिहिलंस, "भिंगरी" नाही. म्हणजे राग ताजा आहे. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. "हं"पेक्षा राग परवडला.

यादीत तुझ्या नावाखाली पेन्सिलीची रेघ आहे. ती बाबांनी मारलेली, तुला आठवत असेल.

परवा सुनावणी झाली. मी इस्त्रीचे कपडे घालून गेले. मला वाटायचं कोर्ट म्हणजे मोठा दिवाणखाना असेल. निघाली आपल्या शाळेच्या वर्गाएवढी खोली, डुगडुगणारी बाकं, आणि खिडकीच्या काचेला चिकटपट्टी. न्यायाधीश बाई होत्या. चष्मा कपाळावर, आणि तो कपाळावर आहे हे विसरून त्या टेबलावर शोधत होत्या. कोणाची सांगायची छाती होईना.

सरकारी वकिलांनी अर्धा तास बियांच्या नाजूकपणावर भाषण दिलं. मधे एकदा "अमरवेलीचं उत्तम पीक" असं म्हणून गेले. माझ्या शेजारी आमचे साहेब डोळे मिटून बसले. जी वेल लसूणघासाच्या पिकाचं रक्त शोषते, जिचं बी निवडून टाकण्यात आमचा जन्म गेला, तिचं पीक! तुझ्या रोपवाटिकेत हे कोणी बोललं असतं तर भाऊजींनी त्याला पाण्याच्या टाकीत घातलं असतं.

मग बाईंनी बारा वर्षांच्या बारा टिपण्या पुढ्यात घेतल्या आणि मोठ्याने वाचायला लागल्या. पहिली: काम नाजूक आहेच, शिवाय प्रयोगशाळा नुकतीच नव्या इमारतीत हलवल्यामुळे कामाची निकड आहे, सबब सहा महिन्यांपुरती सूट मिळावी. दुसरी: प्रयोगशाळा नुकतीच नव्या इमारतीत हलवल्यामुळे. तिसरी: नुकतीच. पाचवीपर्यंत मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. मला घाम फुटला. ताई, मी बारा वर्षं तारीख बदलत होते आणि खालचा मजकूर एकदाही वाचला नव्हता. साहेबांनीही वाचला नव्हता, वरच्यांनीही नाही.

बाईंनी विचारलं, "प्रयोगशाळा एकूण किती वेळा हलली?"

वकिलांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. "एकदाच," साहेब म्हणाले.

"मग ती दर वर्षी नुकतीच कशी हलते?"

सगळी खोली हसली. सरकारी वकीलसुद्धा हसले, मग कागद तोंडासमोर धरला. मीही हसले, आणि हसता हसता मला कळलं की आता माझं पान येणार.

माझं शपथपत्र दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर साहेबांना हवं ते, आणि ते खरंच होतं: ट्रेमधलं बी निवडायला नजर लागते, ती लेखी परीक्षेत दिसत नाही. दुसऱ्या पानावर दुसरं. साहेबांनी ते आधीच वाचलं होतं. वाचून म्हणाले, "बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की ट्रे कधी फसवत नाही."

मी म्हटलं, "ट्रेने फसवलं नाही साहेब. ट्रेला नाव विचारता येत नाही, एवढंच."

दुसरं पान जोडू नका म्हणाले. मग मी दोन्ही पानं आणि तुझी यादी घेऊन सायकलवालीच्या वकीलबाईंकडे गेले.

न्यायाधीश बाईंनी दुसरं पान मनात वाचलं. मला उभं केलं. हे कोणी लिहायला सांगितलं का, विचारलं. कोणी नाही म्हटलं. यात तुमची नोकरी जाऊ शकते हे माहीत आहे का, विचारलं.

"माहीत आहे," मी म्हटलं. "ती माझी नव्हतीच."

त्या पानावर काय होतं ते कोर्टाच्या आधी तुला कळायला हवं होतं. बारा वर्षांत मला ते जमलं नाही. आता सांगते. उभी असशील तर बस.

यादी रद्द झाल्यावर बाबांनी प्रयोगशाळेतल्या भांडारवाल्या काकांकडे शब्द टाकला होता. आयुष्यात कोणाकडे काही न मागणारा माणूस, पण तुझ्यासाठी गेला. माझी थोरली यादीत तिसरी होती, तिचं काहीतरी करा, असं म्हणाला. काकांनी साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांचा निरोप आला: मुलीला सोमवारी पाठवा. तू दुसऱ्या मुलाखतीसाठी परगावी गेली होतीस, बुधवारी येणार होतीस. बाबा मला म्हणाले, जाऊन सांगून ये, थोरली बुधवारी येईल.

मी तेवढंच सांगायला गेले होते, ताई. शपथेवर सांगते, दारापर्यंत तेवढंच डोक्यात होतं.

साहेबांनी मान वर करून विचारलं, "यादीतली तिसरी ती तूच का?" आणि माझं उत्तर यायच्या आधीच पुढ्यात ट्रे सरकवला. लसूणघासाचं बी, त्यात अमरवेलीचं मिसळलेलं. निवड म्हणाले. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, मग ट्रेकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. भिंग हातात घेतलं आणि मला ते दिसायला लागलं गं. जन्मात पहिल्यांदा कुठल्यातरी परीक्षेत मला सगळं येत होतं. वीस मिनिटांत एकही चूक न करता ट्रे निवडला. उद्यापासून ये म्हणाले. नाव त्यांनी विचारलं ते कागद भरताना, आणि ते यादीशी ताडून बघायचं कोणाला कारणच नव्हतं. परीक्षेची सूट होती ना.

घरी येऊन मी म्हटलं, त्यांनी मलाच घेतलं. बाबांना वाटलं, बुधवारपर्यंत थांबायला ते तयार नव्हते. तू आलीस आणि बाबांना म्हणालीस, "एकच शब्द टाकायचा होता, तो धाकटीसाठी टाकलात." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात बघत होते. त्यांना वाटलं, तुझ्यासाठी शब्द टाकला होता असं बोलून दाखवलं तर मला उरलंसुरलं मिळाल्यासारखं वाटेल. म्हणून ते गप्प बसले. तू बाबांशी बारा वर्षं बोलली नाहीस, आणि ते माझ्या वाट्याचं होतं.

कोर्टातून आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आधी तिला कळव." एवढंच. मला रागावलेसुद्धा नाहीत, हे जास्त लागलं.

माझ्यावर काय रागवायचं ते रागव. बाबांना फोन कर.

तुझी अपराधी,
धाकटी


११ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार, आणि हा मोठ्याने, हात जोडून.

तुझं कार्ड मी इतक्यांदा वाचलंय की भूमितीवाल्यांना ते पाठ झालंय. "तुझ्याशी मला अजून बोलायचं नाही. फॉर्म पाठव." सात शब्द. एवढ्या शब्दांत मला झापून कामालाही लावणं तुलाच जमतं. फॉर्म सोबत आहे. शेवटची तारीख तीस. शाळेचा दाखला खरा जोडायचा नाही, प्रत जोडायची, नाहीतर तू रागाच्या भरात खराच पाठवशील.

निकाल तू वाचला असशीलच, तरी माझ्या तोंडून ऐक. सूट रद्द. सगळ्या पाच जागा खुल्या परीक्षेने, लेखी वेगळी आणि ट्रे वेगळा. आम्ही थेट आलेले पाच जण तोवर काम करणार आणि मग सगळ्यांबरोबर बसणार. आणि ताई, रद्द झालेल्या यादीतल्या प्रत्येकाला वयाची अट सोडून एक संधी. बाईंनी हे वाचलं तेव्हा मी बाकावरून उठले. शिपायाने दटावून खाली बसवलं तर पुन्हा उठले. माझं पान त्यांनी फाईलला लावून घेतलं, शिक्षा केली नाही. शिक्षेचं काम त्यांनी तुझ्यावर सोपवलं असावं.

सायकलवालीने त्या दिवशी दुकानासमोर येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या सायकलींत फुकट हवा भरली. मी आमची नेली. आमच्या चाकांत हवा होती, तरी तिने थोडी सोडून पुन्हा भरली.

साहेबांचं ऐकशील तर हसशील. ट्रेच्या परीक्षेचे नियम त्यांनी स्वतः बसून लिहिले. ट्रेला क्रमांक, उमेदवाराला क्रमांक, ओळखपत्र दारात एकदा आणि टेबलाशी दुसऱ्यांदा तपासायचं. दुसऱ्यांदाच्या पुढे कंसात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: "मी स्वतः."

आता बाबांचं. तू त्या रविवारी फोन केलास तेव्हा ते ओट्यापाशी उभे होते. पहिली पाच मिनिटं नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "तुझी रोपं कशी आहेत?" आणि त्यानंतर पाऊण तास मला स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही. दूध उतू गेलं. त्यांनी ते पाहिलं आणि हाताने मला खुणावलं, जाऊ दे. फोन ठेवल्यावर स्वतःच ओटा पुसला, आणि पुसताना गुणगुणत होते. बाबांना गुणगुणताना ऐकून मला किती वर्षं झाली, मोजवत नाही.

मी पलीकडच्या खोलीत बसून पोटभर रडले. भूमितीवाले रुमाल घेऊन आले, चौकोनी घडी घातलेला.

अभ्यास कर. लेखीत तुझा हात धरणारं कोणी नाही, पण ट्रेमध्ये अमरवेलीच्या बियांचा खडबडीतपणा बघ, रंगावर जाऊ नकोस. हे तुला शिकवतेय म्हणून हसू नकोस. मी आठवड्याचे सहाही दिवस हेच करते.

बोलणं नसलेली, तरी तुझीच,
धाकटी


३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

काल फोनवर मला नीट बोलता आलं नाही, हुंदका आला आणि मी ठेवून दिला. बाबांना वाटलं, आपलं पुन्हा भांडण झालं. त्यांना सांगितलं, तसंच काहीसं आहे, पण उलटं.

म्हणून लिहितेय. पूर्ण वाच आणि मग भाऊजींनाही वाचून दाखव.

निकाल कचेरीच्या फळ्यावर लागला तेव्हा मी तिथेच होते. सायकलवाली पहिली. चौथं नाव तुझं. एक्केचाळिसाव्या वर्षी, हजार रोपांना पाणी घालून, रोज दोन तास बसमध्ये वाचून चौथी! मी तुझं नाव बोटाने दोनदा चाचपलं. मग पाचवं नाव एका अनोळखी मुलाचं. मग रेघ. रेघेखाली मी, सहावी. प्रतीक्षा यादीत पहिली.

ट्रेमध्ये मला पैकीच्या पैकी आहेत, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेखीने घात केला. लेखीने माझा घात करायची ही दुसरी वेळ, आणि दोन्ही वेळा लेखीचंच बरोबर होतं.

मी फळ्यासमोर उभी होते आणि मला वाईट वाटायची मी वाट बघत होते. नोकरी गेली, बारा वर्षांचं टेबल गेलं, कोणालाही वाटलं असतं. वाटलं नाही गं वाईट. हसू आलं. साहेब मागे येऊन उभे राहिले. "सहावी?" म्हणाले. मी म्हटलं, "हो, सहावी. माझी मीच." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होतायत.

आता तू काल जे बोललीस त्याबद्दल. तू म्हणालीस, मला रोपवाटिका आहे, पोटाला कमी नाही, यादीत नाव आलं त्यातच मला सगळं मिळालं. मी जागा नाकारते, मग पाचवा चौथा होईल आणि तू पाचवी. बारा वर्षांचं तुझं काम वाया जायला नको. इतक्या सहज बोललीस, जसं लहानपणी तुझ्या ताटातलं मला वाढायचीस तसं.

ताई, नको.

तुझ्याकडून स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागतेय. तू नाकारलीस तर मी पुन्हा त्या खुर्चीवर बसेन, आणि पुन्हा ती तुझीच असेल. या वेळी तू राजीखुशीने दिलेली, एवढाच फरक. बाकीच्यांना फरक कळेल. मला कळणार नाही. ट्रे पुढ्यात घेतला की मला पुन्हा तोच प्रश्न ऐकू येईल, तूच का ती? आणि मला पुन्हा ताटात बघावं लागेल. बारा वर्षं मी उत्तम काम केलं आणि एकही दिवस मान वर करून केलं नाही. निकालाच्या दिवशी मी त्या कचेरीतून सहावी म्हणून बाहेर पडले आणि रस्ताभर दिसेल त्याला हसत आले. पानवाल्यालाही हसले, त्याने घाबरून सुटे पैसे जास्त दिले, ते परत करायला पुन्हा जावं लागलं.

माझी काळजी करू नकोस. सायकलवालीच्या दुकानामागे एक शेड आहे. पुढच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना तिथे ट्रे शिकवायचा असं आमचं ठरलंय. पहिल्याच दिवशी चौदा जण आले, त्यातल्या दोघी बहिणी आहेत. त्यांना मी वेगवेगळ्या टेबलांवर बसवलंय. भूमितीवाल्यांनी टेबलं भिंतीला समांतर लावून दिली. पुढच्या वर्षी परीक्षा निघाली तर मीही बसेन, तुझ्या हाताखाली लेखीचा अभ्यास करून. त्याची फी मात्र देणार नाही.

बाबा उद्या सकाळच्या बसने तुझ्याकडे येतायत, हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. मी पाठवत नाहीये, त्यांचं त्यांनीच ठरवलं. तुला रुजू व्हायला सोबत करायची म्हणतात. पिशवी कालपासून दाराशी भरून ठेवलीय, आणि दर तासाला त्यात काहीतरी नवीन घालतात.

टेबल मी पुसून ठेवलंय. चिमटे डाव्या खणात, भिंग उजव्या. खिडकीकडे तोंड करून बस, उजेड चांगला येतो. सकाळी दहाला सही करायची असते, आणि सहीच्या वहीत तुझं नाव लिहायला मी स्वतः रेघ आखून आलेय.

रुजू हो, ताई. तू तिथे बसलीस की मला घरी बसल्या कळेल.

सहावी आलेली, तुझ्या दोन नंबर मागे, आणि तिथेच सुखात असलेली,
तुझी भिंगरी